टॅरोचीं पानें, परीकथा आणि आत्मपरीक्षण

पत्ते ही वस्तु मराठी घराला नवी नाहीं. सुटीच्या दिवसांत दुपारीं सतरंजीवर डाव पडतो, हुकूम कोणता यावरून वाद होतो, आणि संध्याकाळीं तोच जोड पुन्हा फळीवर जाऊन पडतो. त्या पानांना कोणी आपलें भविष्य विचारीत नाहीं, कीं त्यांत आपल्या स्वभावाचा शोध घेत नाहीं. परंतु ‘टॅरो’ या नांवाचा पत्त्यांचा एक जोड असा आहे, कीं त्याचें नांव निघतांच मंडळींत दोन तट पडतात. एक तट त्याला गूढ विद्या समजून भीतभीत त्यापुढें आपले प्रश्न मांडतो. दुसरा त्याला निव्वळ भोंदूपणा समजून हंसण्यावारी नेतो. या दोन्ही तटांच्या गडबडींत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या चित्रांना भविष्य कळत नाहीं, तीं चित्रें पाहून मनुष्याला स्वतःविषयीं कांहीं कळूं शकतें काय? आणि लहानपणीं ऐकलेल्या परीकथा त्याच कामीं येऊं शकतात काय?

प्रश्न करमणुकीचा वाटला तरी तो तसा नाहीं. पानें मांडून बसणारा मनुष्य बहुधा सुखांत नसतो. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाचें ठरलेलें लग्न मोडलेलें असतें, कोणाचें मूल दुरावलेलें असतें. अशा वेळीं त्याच्या हातीं जें साधन पडेल तें त्याला शहाणें करील कीं नाडील, याचा विचार आधीं झालेला बरा.

प्रथम या पानांची जन्मकथा पाहिली पाहिजे; कारण अर्धें गूढ तिनेंच उकलतें. युरोपांत पत्ते आले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, आणि ते आले मुसलमानी देशांतून. इजिप्तमधील मामलूक राजवटीच्या काळचा एक जोड इस्तंबूल येथील तोपकापी संग्रहालयांत आजहि आहे. त्याचे चार रंग म्हणजे पेले, नाणीं, तलवारी आणि पोलो खेळण्याच्या काठ्या. इटलीच्या लोकांनीं हेच रंग उचलले. मात्र पोलोचा खेळ त्यांच्या परिचयाचा नसल्यामुळें त्या काठीचा साधा दंडुका झाला. त्या इजिप्ती जोडांतील एका पानावर ‘कंजिफा’ असा शब्द लिहिलेला आहे. आपल्याकडील ‘गंजिफा’ हा शब्द त्याच कुळांतला. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनकडे गंजिफेचीं पानें पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे, आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांची दशावतारी गंजिफा तर सर्वांना ठाऊक आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचीं बारा पानें, अशीं एकशें वीस वाटोळीं पानें तिच्यांत असतात. म्हणजे सावंतवाडीची गंजिफा आणि इटलीचा टॅरो हे एकमेकांचे दूरचे नातेवाईक होत.

इटलीच्या उत्तर भागांत १४४० च्या सुमारास छप्पन पानांच्या जोडांत आणखी बावीस चित्रांची भर पडली, आणि एकंदर संख्या अठ्याहत्तर झाली. सम्राट, पोप, प्रेम, दैवाचें चक्र, फांशीं टांगलेला मनुष्य, मृत्यु, सूर्य, चंद्र अशीं तीं चित्रें होतीं. त्यांचें काम काय? ‘मूर्ख’ हें एक पान वगळलें, तर बाकीचीं एकवीस पानें हीं शुद्ध हुकुमाचीं पानें होतीं. मृत्यूचें पान राजाला मारी, सूर्याचें पान मृत्यूला मारी, आणि ज्याचे हात अधिक तो डाव जिंकी. मिलानच्या व्हिस्कोंती व स्फोर्झा या सरदार घराण्यासाठीं १४५० च्या सुमारास सोनेरी वर्ख लावून रंगविलेल्या एका जोडाचीं चौऱ्याहत्तर पानें उरलीं आहेत. त्यांपैकीं पस्तीस न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांत, सव्वीस बेर्गामोच्या कारारा चित्रशाळेंत आणि तेरा एका खासगी घराण्याकडे आहेत. फ्रान्स व ऑस्ट्रिया या देशांत टॅरो हा खेळ म्हणून आजहि खेळला जातो, आणि खेळणाऱ्यांच्या मनांत डाव जिंकण्यापलीकडे दुसरा हेतु नसतो.

मग गूढ आलें कोठून? पानांवरून शकुन पाहण्याच्या तुरळक खुणा अठराव्या शतकाच्या मध्यास बोलोन्या शहरांत सांपडतात. परंतु खरा गाजावाजा झाला तो १७८१ सालीं. आंत्वान कूर द जेबलॅं या फ्रेंच पंडितानें आपल्या प्रचंड ग्रंथाच्या आठव्या खंडांत असें ठोकून दिलें, कीं टॅरो हा प्राचीन मिसर देशाच्या पुरोहितांचा ज्ञानग्रंथ असून तो पत्त्यांच्या वेषांत लपविलेला आहे. त्या वेळीं मिसरची चित्रलिपि कोणालाहि वाचतां येत नव्हती, म्हणून त्या विधानाला आधार विचारण्याची सोयच नव्हती. पुढें १८२२ सालीं शांपोलियॉंनें ती लिपि उलगडली, आणि तेव्हांपासून वाचल्या गेलेल्या लेखांत टॅरोचा मागमूसहि निघाला नाहीं. पण तोंवर उशीर झाला होता. पॅरिसच्या एतेया नांवाच्या गृहस्थानें १७८९ सालीं केवळ भविष्य सांगण्यासाठीं म्हणून वेगळा जोड छापून विकलाहि होता. एकदां धंदा उभा राहिला, कीं तो इतिहासाच्या पुराव्याला विचारीत नाहीं.

आज जगभर जो जोड सर्वांत अधिक दिसतो, तो मात्र मिसरांतून आला नाहीं, कीं इटलींतूनहि आला नाहीं. तो लंडनमध्यें डिसेंबर १९०९ मध्यें रायडर या प्रकाशकाकडून निघाला. त्याची योजना आर्थर एडवर्ड वेट या लेखकाची. परंतु अठ्याहत्तर चित्रें काढलीं तीं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनीं. पूर्वींच्या बहुतेक जोडांत लहान पानांवर पांच पेले किंवा आठ तलवारी एवढेंच मोजून काढलेलें असे. स्मिथबाईंनीं त्या पानांवरहि माणसें आणलीं, प्रसंग आणले, आकाश, नदी, पूल, घर आणलें. त्यामुळें प्रत्येक पान हें एखाद्या गोष्टीच्या पुस्तकांतून फाटून आलेल्या चित्रासारखें दिसतें. मागचें पुढचें पान हरवलेलें आहे, आणि गोष्ट पाहणाऱ्यानें पुरी करावयाची आहे.

हें योगायोगानें झालें नाहीं. स्मिथबाई या मूळच्याच गोष्टी सांगणाऱ्या होत्या. त्यांचा जन्म १८७८ सालीं लंडनमध्यें झाला, बालपणाचीं कांहीं वर्षें जमेका बेटांत गेलीं, आणि तेथें ऐकलेल्या ‘अनान्सी’ या लबाड कोळ्याच्या लोककथांचें सचित्र पुस्तक त्यांनीं १८९९ सालीं प्रसिद्ध केलें. लंडनच्या मंडळींपुढें त्या याच कथा जमेकाच्या बोलींत सांगत असत. टॅरोच्या कामाविषयीं मात्र त्यांनीं एका स्नेह्याला लिहिलें, कीं काम मोठें आणि मोबदला अगदींच थोडा. १९५१ सालीं कॉर्नवॉल परगण्यांतील एका लहान गांवीं त्या वारल्या, त्या कर्ज मागें ठेवून. दुसऱ्यांचें भाग्य सांगण्यासाठीं जीं चित्रें लक्षावधि लोकांनीं विकत घेतलीं, तीं काढणारीच्या पदरीं भाग्य थोडेंच आलें.

येथें टॅरो आणि परीकथा यांचा धागा जुळतो. परीकथेंत काय असतें? जाकोब व विल्हेल्म ग्रिम या बंधूंनीं जर्मन कथांचा आपला संग्रह १८१२ सालीं प्रथम छापला आणि १८५७ सालच्या सातव्या आवृत्तीपर्यंत तो ते सुधारीत राहिले. त्या कथांतील पात्रांना बहुधा धड नांवेंहि नसतात. एक लाकूडतोड्या, एक सावत्र आई, तीन भावांतला धाकटा. स्वित्झर्लंडचे अभ्यासक माक्स ल्यूथी यांनीं १९४७ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें, कीं परीकथेंतील पात्रांना जणूं अंतरंगच नसतें. तीं दुःखानें झुरत बसत नाहींत. उठून रानांत जातात. भीति, मत्सर, आशा हें सारें तेथें कृतीच्या रूपानें बाहेर दिसतें. पात्र आंतून रिकामें असल्यामुळेंच ऐकणाऱ्याला त्यांत शिरतां येतें. कादंबरींतील नायक हा कोणी दुसरा असतो. परीकथेंतील धाकटा भाऊ हा ज्याचा तोच असतो.

इटलीचे लेखक इतालो काल्व्हिनो यांना हें नातें चांगलें उमगलें होतें. त्यांनीं १९५६ सालीं आपल्या देशाच्या दोनशें लोककथा संपादून प्रसिद्ध केल्या, आणि १९७३ सालीं टॅरोवर रचलेलें एक पुस्तक पुरें केलें. त्यांत रान ओलांडून एका गढींत आलेल्या वाटसरूंची वाचा गेलेली आहे. म्हणून ते मेजावर एकामागून एक पानें मांडून आपापली हकीकत सांगतात. पानें तींच, पण एका वाटसरूच्या ओळींत जें पान प्रेमाचें, तेंच दुसऱ्याच्या ओळींत विश्वासघाताचें ठरतें. पानाला स्वतःचा अर्थ थोडा. शेजारच्या पानांनीं आणि सांगणाऱ्याच्या आयुष्यानें तो भरला जातो, ही त्यांतील गोम आहे.

आतां प्रत्यक्ष एक पान पाहूं. पेल्यांच्या पंजावर स्मिथबाईंनीं काळा झगा पांघरलेला एक मनुष्य मान खालीं घालून उभा केला आहे. त्याच्यासमोर तीन पेले उपडे होऊन आंतला रस सांडला आहे. पाठीमागें दोन पेले उभे आहेत. पलीकडे नदी आहे, नदीवर पूल आहे, आणि पैलतीरीं एक वाडा आहे. हें पान दहा जणांना दाखवावें. ज्याच्या घरीं नुकतेंच दुःख झालें आहे, तो सांडलेले पेले मोजील. दुसरा म्हणेल, ‘मागचे दोन भरलेले आहेत, पण याला कोणी सांगत कां नाहीं?’ तिसऱ्याची दृष्टि थेट पुलावर जाईल. आणि एखादा म्हणेल, ‘हे पेले यानेंच लाथाडले असतील.’ मागचे पेले भरलेले आहेत असें चित्रांत कोठेंहि दाखविलेलें नाहीं, आणि लाथाडल्याचेंहि दाखविलेलें नाहीं. तें बोलणाऱ्यानें आपल्या पदरचें घातलें. हेर्मान रोर्शाख या स्विस वैद्यानें १९२१ सालीं शाईच्या दहा डागांचा उपयोग मनाच्या परीक्षेसाठीं केला, त्यामागची कल्पना हीच होती. अर्धवट आकार पाहून मनुष्य जें पुरें करतो, तें त्याच्या स्वतःच्या सांठ्यांतून येतें. पानाचा उपयोग एवढाच, पण एवढा खरा आहे.

परंतु याच जागीं घसरण्याचीहि भीति आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९४८ सालीं आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांची एक चांचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचें वर्णन लेखी दिलें. तें कितपत जुळतें याला पांचांपैकीं गुण द्यावयाचे होते. सरासरी ४.२६ पडली. नंतर उघड झालें कीं सर्वांना एकच वर्णन दिलेलें होतें, आणि त्यांतील बहुतेक वाक्यें बाजारांतल्या ज्योतिषाच्या पुस्तकांतून उचललेलीं होतीं. ‘तुमच्यांत पुष्कळ सुप्त गुण आहेत’, ‘तुम्ही बाहेरून धीट, पण आंतून हळवे आहांत’, असल्या वाक्यांना नाहीं म्हणणारा मनुष्य विरळा. तेव्हां पान पाहून ‘अगदीं माझेंच वर्णन!’ असें वाटणें, याला पुरावा म्हणून कवडीचीहि किंमत नाहीं. जो अर्थ गोड लागतो तो संशयास्पद समजावा. ज्या अर्थानें किंचित् चटका बसतो, जो मान्य करण्यासाठीं कांहीं तरी सोडावें लागतें, त्याच्यापाशीं थांबून विचार करावा.

हें कसें करावें, तें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ घ्यावा. त्याच्या मुलीनें घरच्यांना न रुचणारें लग्न केलें आहे, आणि सहा महिने घरांत तिचें नांव निघालेलें नाहीं. कोणा स्नेह्याच्या घरीं तो सहज एक पान उचलतो, आणि तें निघतें ‘एकांतवासी’ या नांवाचें. करड्या झग्यांतला एक वृद्ध, एका हातीं काठी, दुसऱ्या हातीं कंदील, बर्फाच्या शिखरावर उभा. गृहस्थ समाधानानें म्हणतो, ‘बरोबर आहे. मुलांना वाट दाखविण्यांतच आयुष्य गेलें.’ हा गोड अर्थ झाला.

येथें पहिला नियम लागूं करावा. अर्थ सांगण्याआधीं चित्रांत काय आहे आणि काय नाहीं, तें शब्दांनीं सांगावें. गृहस्थ पुन्हा पाहतो. चित्रांत वृद्ध आहे, बर्फ आहे, कंदील आहे. ज्यांना वाट दाखवावयाची तीं मुलें कोठेंच नाहींत. कंदिलाचा उजेड पडतो तो त्याच्याच जवळपास. तो इतक्या उंचीवर जाऊन उभा आहे, कीं खालून कोणी हांक मारली तरी ती त्याच्या कानीं पडूं नये. पान तेंच, मनुष्य तोच. पण मघांचा अर्थ आतां त्याच्या घशाखालीं उतरत नाहीं.

दुसरा नियम प्रश्नाविषयीं आहे. ‘मुलगी परत येईल काय?’ हा प्रश्न पानाला विचारूं नये, कारण पानाला तो कळत नाहीं. ‘या सहा महिन्यांत घडलें त्यांत माझा वांटा कोणता?’ हा प्रश्न मात्र मनुष्य स्वतःला विचारूं शकतो, आणि चित्र त्याला त्या प्रश्नापाशीं थोडा वेळ बसवून ठेवतें.

तिसऱ्या नियमासाठीं परीकथा हवी. पान एका क्षणाचें चित्र देतें. कथा त्याच्या मागचें व पुढचें देते. झ्यूरिचच्या मारी लुईझ फोन फ्रान्झ या युंगपंथी विदुषी परीकथेंतील सर्व पात्रांकडे एकाच मनाचे निरनिराळे भाग म्हणून पाहत असत. त्यांचा सगळा सिद्धांत न मानतांहि त्यांतून एक उपयुक्त रीत घेतां येते. ऐकणारा स्वभावतःच नायकाच्या बाजूला जाऊन बसतो. त्यानें मुद्दाम उठून नावडत्या पात्राच्या जागीं बसावें. ग्रिम बंधूंची हान्सेल आणि ग्रेटेल ही कथा प्रसिद्ध आहे. दुष्काळ पडतो, आणि मुलांना रानांत सोडून यावें असें लाकूडतोड्याची बायको सुचविते. १८१२ च्या आवृत्तींत ती सख्खी आई आहे. १८४० च्या आवृत्तींत ती सावत्र आई झाली. सख्खी आई असें करील, ही कल्पना संपादकालाहि सोसवेना. सारा दोष तिच्या माथीं गेल्यामुळें एका पात्राकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तो म्हणजे बाप. तो आधीं नाहीं म्हणतो, मग हळहळतो, आणि शेवटीं मुलांना घेऊन रानांत जातो. त्यानें कोणावर हात उगारलेला नाहीं. त्यानें फक्त होऊं दिलें.

आपल्या गृहस्थाला या जागीं क्षणभर बसवावें. मुलीला टाकून बोलली ती तिची आई आणि आत्या. आपण एक शब्दहि बोललों नाहीं, याचा त्याला आजवर अभिमान वाटत होता. लाकूडतोड्याहि फारसें बोलला नव्हता. पत्त्याला किंवा कथेला हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. ठाऊक होतें तें त्यालाच. फक्त त्याकडे पाहण्याचें त्यानें टाळलें होतें. चौथा नियम असा, कीं सुचलेलें तारीख घालून लिहून ठेवावें आणि महिन्यानें पुन्हा वाचावें. तोपर्यंत जें खरें असतें तें टिकतें, आणि जें त्या संध्याकाळच्या भावनेंतून आलेलें असतें तें विरून जातें.

कथांच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी हवी. एरिख फ्रॉम या नामांकित मानसशास्त्रज्ञानें १९५१ सालीं ‘तांबडी टोपी’ या कथेचा अर्थ लावतांना मुलीच्या तांबड्या टोपीवर मोठी इमारत उभारली. १९८४ सालीं रॉबर्ट डार्नटन या इतिहासकारानें दाखविलें, कीं फ्रेंच शेतकऱ्यांच्या तोंडीं असलेल्या जुन्या कथेंत ती टोपी नव्हतीच. ती आली १६९७ सालच्या शार्ल पेरोच्या पुस्तकांतून. पंडितानें कथेंत सांपडलें म्हणून जें सांगितलें, तें त्यानेंच आंत ठेवलेलें होतें. आत्मपरीक्षण करणाऱ्यानें असें केलें तर बिघडत नाहीं, किंबहुना त्याला तेंच करावयाचें आहे. परंतु त्याला कथेचा ‘खरा अर्थ’ म्हणूं नये, आणि दुसऱ्याच्या गळीं तर तो मुळींच उतरवूं नये.

साधनाची मर्यादाहि स्पष्ट सांगितली पाहिजे. आजार कोणता, कर्ज कसें फिटेल, खटल्याचा निकाल काय लागेल, हें पानांना विचारणें म्हणजे फसवणुकीला आमंत्रण देणें होय. जो पान पाहून संकट वर्तवितो आणि लगेच त्यावरील उपायाची किंमत सांगतो, त्याच्या दारांतूनच परतावें. ज्याची झोंप उडाली आहे, ज्याच्या मनांत जीव देण्याचे विचार येतात, त्याला पानांपुढें बसवूं नये. वैद्याकडे न्यावें, आणि त्याच दिवशीं न्यावें. मनाजोगें पान निघेपर्यंत जो पुन:पुन्हा जोड पिसतो, त्यानें समजावें कीं आत्मपरीक्षण संपून व्यसन सुरूं झालें आहे.

इतकें संभाळलें, तर टॅरोच्या जोडाचा आग्रह धरण्याचेंहि कारण उरत नाहीं. घरांत लहानपणापासून ऐकलेली कोणतीहि गोष्ट चालेल. मेणाचें घर बांधणाऱ्या चिमणीच्या दारावर पावसांत भिजलेला कावळा थाप मारतो, तेव्हां ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’ असें आंतून सांगणारी चिमणी सर्वांनाच शहाणी वाटत आली आहे. एखाद्या संध्याकाळीं ती गोष्ट दाराबाहेरून ऐकून पाहावी. आणि वर सांगितलेला तो गृहस्थ? त्यानें मुलीला पत्र लिहावें कीं लिहूं नये, हें कोणतेंहि पान त्याला सांगणार नाहीं. तें त्याचें त्यालाच ठरवावें लागेल. पानें परत डब्यांत जातात, कथा संपते, आणि मेजावर कोरा कागद तेवढा उरतो.